युसूफचाचांनी उभा केलेला टॉवर

आमच्या विश्रांतवाडीच्या घरात देवघराच्या आधी अर्थिंग आलं. घराला अजून गिलावा व्हायचा होता, खिडक्यांना गज होते पण तावदानं नव्हती, आणि अप्पा परसात उकिडवे बसून स्वतः खणलेल्या खड्ड्यात कोळसा आणि जाडं मीठ थरावर थर घालत होते. आईनं विचारलं, "लोणचं घालताय का?" अप्पा म्हणाले, "हो. वीज मुरवतोय." त्यांचं असंच असे. बोलायचं कमी, आणि जे बोलायचं ते समोरच्यानं पुढं काही विचारू नये अशा बेतानं. ते शाळेत विज्ञान शिकवत. शाळेतून आले की चहा घ्यायचे आणि कोपऱ्यातल्या खोलीत शिरून दार लोटून घ्यायचे. अप्पा हॅम होते. म्हणजे सरकारी परवाना काढून, स्वतः जोडलेल्या यंत्रावरून, जगात कुठंतरी बसलेल्या अशाच दुसऱ्या खुळ्याशी गप्पा मारणारा माणूस. गप्पाही तोंडानं नाहीत, मोर्सच्या टकटकीनं. स्वयंपाकघराच्या भिंतीतून ती टकटक सतत झिरपत असे. आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण टकटकीचा वेग ऐकून ती म्हणायची, "आज चिडलेत. आमटीला गूळ जरा जास्त घालते."

सुरुवातीला एक तार कडुनिंबापासून गच्चीपर्यंत ताणलेली होती आणि तिच्यावर अप्पांचं भागत होतं. मग त्यांना उंची हवीशी वाटू लागली. अँटेना जितकी उंच तितका आवाज लांब जातो, आणि अप्पांना लांबच जायचं होतं. जवळच्या माणसांशी त्यांचं फारसं जमत नसे. फक्त गंमत अशी की त्यांना स्वतःला उंचीची भयंकर भीती. माळ्यावरचा पाट काढायला स्टुलावर चढले तरी पोटऱ्या थरथरायच्या आणि आई खालून म्हणायची, "उतरा, मी काढते." चाळीस फुटांच्या टॉवरचं चित्र त्यांनी आलेखाच्या वहीत काढलं, प्रत्येक कोनाचं गणित केलं, आणि ते घेऊन ते आळंदी रस्त्यावरच्या युसूफचाचांकडे गेले.

युसूफचाचांचं गेटं आणि ग्रिलं बनवण्याचं दुकान होतं. आमच्या खिडक्यांचे गज त्यांनीच केलेले. अंगानं किडकिडीत, मिशी बारीक कातरलेली, आणि वर चढताना असे सहज चढायचे की बघणाऱ्याला वाटावं, आपणही चढू. त्यांनी ते चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, याच्यावर टांगायचं काय?" अप्पा म्हणाले, "बांबू." चाचांनी वही मिटून त्यांच्या हातात दिली. मग म्हणाले, "चाळीस फूट लोखंड, बांबू टांगायला. ठीक आहे. आपलं काय, आपण बनवू." पुढं हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं रुळलं. आईला एखादा नवा पदार्थ करायला सांगितला की ती म्हणायची, "आपलं काय, आपण बनवू."

दहा दहा फुटांचे चार तुकडे दुकानात जोडून हातगाडीवरून आले. ते उभे करायला दोन रविवार गेले. पायाच्या खड्ड्यात काँक्रीट पडायच्या आधी आई हळदकुंकू आणि नारळ घेऊन आली. अप्पांच्या कपाळाला आठी पडली. चाचा म्हणाले, "फोडू द्या हो मास्तर. खड्डा माझा, नारळ वहिनींचा, आणि वरची हवा काही कुणाच्या बापाची नाही." नारळ फुटला. शेजारचे कर्णिक कुंपणावर कोपरं टेकवून सगळं बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, पडला तर कोणत्या बाजूला पडेल तेवढं आधी सांगून ठेवा. त्या खोलीत पाहुण्यांची अंथरुणं घालतो." अप्पांनी अत्यंत गंभीरपणे त्यांना वाऱ्याची दिशा समजावून सांगितली.

चारही तुकडे एकावर एक चढले आणि तीन बाजूंनी ताणाच्या तारा बांधून झाल्या, तेव्हा आई गरम थालीपीठं आणि लोण्याचा गोळा घेऊन मागच्या पायरीवर आली. अप्पा आणि चाचा शेजारी शेजारी बसून एकाच ताटात जेवले. माझे वडील दुसऱ्या माणसाच्या इतके जवळ बसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. नंतर मात्र ते नेहमीचंच झालं. दर उन्हाळ्यात, वादळी वारे सुटायच्या आधी, एक रविवार टॉवरचा असायचा: गंज खरवडायचा, ताणाच्या तारा घट्ट करायच्या, ग्रीस लावायचं, आणि उन्हानं फुटलेले बांबू काढून बुरुडाकडून आणलेले नवे चढवायचे. त्या बांबूंच्या चौकटीवर तांब्याची तार चौकोनात गुंडाळलेली असे, तीच अप्पांची अँटेना. वारा आला की ताणाच्या तारा गुणगुणायच्या. पुढं लग्न होऊन मी दुसऱ्या घरी गेले तेव्हा पहिले कित्येक दिवस मला तिथली शांतता सोसेना. आता मी वारज्यात नवव्या मजल्यावर राहते. इथंही वारा आहे, पण त्याला वाजायला काही नाही.

त्या रविवारचा एक नियम होता. वर चढण्याआधी चाचा हात पुढं करायचे आणि अप्पा मेन स्विचमधला पांढरा चिनी मातीचा फ्यूज उपसून त्यांच्या तळहातावर ठेवायचे. चाचा तो शर्टाच्या खिशात घालून वरून थोपटायचे. जो वर आहे त्याच्याच खिशात फ्यूज. म्हणजे तो खाली येईपर्यंत कुणी चुकूनही यंत्र चालू करू शकत नाही. चाचांच्या कमरेला दोर, तो टॉवरच्या टोकाच्या कप्पीवरून खाली, आणि खालचं टोक अप्पांच्या हातात. काम चार तास चालो की सहा, अप्पा तो दोर सोडत नसत. पाणीसुद्धा मी त्यांना पाजायची.

सतरा वर्षांची असताना मी मोर्सची परीक्षा पास झाले आणि मलाही परवाना मिळाला. अप्पांनी शाबासकी वगैरे दिली नाही. कुणाशी कधी बोललो याची नोंद ठेवायच्या वहीत, लॉगबुकात, एक नवा रकाना आखला, 'चालक', आणि म्हणाले, "इथं आता सही करत जा. नाहीतर तुझी बडबड माझ्या नावावर जाईल." लॉगबुकाचे नियम मला पाठ होते. टकटकीचा खटका, म्हणजे की, दाबण्याआधी वेळ लिहायची. कुणी उत्तर दिलं नाही तरी हाक नोंदवायची. शाईनंच लिहायचं. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. खोडणं म्हणजे खोटं बोलणं. आणि सगळ्यात मोठा नियम: एखाद्याला वेळ दिली की ती पाळायची. समुद्रापलीकडे कुणीतरी कानाला हेडफोन लावून तुझी वाट बघत असतं, असं अप्पा म्हणत. हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा.

ओसाकाजवळच्या एका मुलीशी माझी गाठ पडली होती. माझ्याच वयाची. तिला मी रविवारी सकाळी साडेदहाची वेळ दिली होती, आणि देताना तो टॉवरचा रविवार आहे हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. आता इथं मला नीट लिहायला हवं, कारण आजवर मी हे स्वतःशी नाना प्रकारे सांगून पाहिलं आहे. त्या दिवशी चाचा वर होते. फ्यूज त्यांच्या खिशात होता. अप्पा परसात दोर धरून उभे होते. आई तांदूळ निवडत होती. आणि मी खोलीत होते. खोलीत अप्पांनी लष्करी भंगारातून आणलेला दुसरा एक संच होता, वीज गेल्यावर वापरायचा, बॅटरीवरचा. फ्यूजचा नियम विजेसाठी आहे, असं मी मनाशी म्हटलं. नियमात बॅटरी कुठं होती? शिवाय मी जुन्या, कडुनिंबाच्या तारेवरून बोलणार होते. टॉवरशी त्याचा काय संबंध? असा कीस काढण्यात आम्ही पुणेकर वस्ताद. पण कोणती तार कोणत्या संचाला जोडायची ते ठरवणारं जे बटण होतं, त्याचे जोड अप्पांनी आदल्या संध्याकाळी बदलले होते. ते मागं वाकून पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. साडेदहाला एकच मिनिट उरलं होतं. मी लॉगबुकात वेळ लिहिली, फ्रीक्वेन्सी लिहिली, चालकाच्या रकान्यात सही केली, आणि की दाबली.

वर चाचांनी खालच्या पायरीवर यायचं म्हणून स्वतःला टॉवरला बांधून घ्यायचा कमरेचा पट्टा नुकताच सोडला होता, आणि एका हातानं तांब्याची तार बाजूला धरली होती. माझी टकटक कडुनिंबाच्या तारेऐवजी त्याच तारेत गेली होती, आणि तिनं त्यांना चटका दिला. फार मोठा नाही. नवशिक्या हॅमला असे चटके बसतातच आणि तो हात झटकून मोकळा होतो. चाचांनीही हात झटकला. मी ऐकली ती किंकाळी नव्हती. कप्पीचा आवाज होता, कर्कश, लांबलचक. मग आईच्या हातातलं सूप पडल्याचा. मी धावत बाहेर आले तेव्हा चाचा कुंपणाजवळच्या मातीत कुशीवर पडले होते, आणि अप्पा दोर धरूनच गुडघ्यांवर बसले होते. दोरामुळे पडण्याचा वेग कमी झाला म्हणून चाचा जगले. दोर अप्पांच्या हातातून सरसर गेला होता आणि दोन्ही तळव्यांची कातडी घेऊन गेला होता. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या कानांवर अजून हेडफोन होते.

चाचांचं कमरेचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली म्हणून मी डबा घेऊन अप्पांबरोबर दवाखान्यात गेले. चाची खाटेशेजारी स्टुलावर बसली होती. ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायची तेव्हा ही बाई आमच्या दारातूनच हसायला लागायची. त्या दिवशी तिनं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडं बघत तिनं विचारलं, "फ्यूज तर यांच्या खिशात होता. मी शर्ट धुवायला घेतला, त्यातनं निघाला. मग आत मशीन चालवलं कुणी?"

डबा माझ्या हातात होता. मला आजही त्याच्या कडीचा गारवा आठवतो. मी तोंड उघडणार होते असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण मी उघडलं नाही, हे खरं. अप्पा म्हणाले, "मी."

"तुम्ही दोर धरला होता ना?"

"दुसऱ्याच्या हातात दिला होता. मिनिटभर आत गेलो. बॅटरीवर लावून पाहिलं. चूक माझी आहे."

हे बोलताना त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले होते. हातांना कोपरापर्यंत पट्ट्या बांधलेल्या होत्या. चाचीला त्या दिसल्या असतील, पण त्या वेळी तिला पट्ट्यांचा अर्थ लावत बसायला सवड नव्हती. चाचांना होती. ते उताणे पडले होते, मान हलवायची बंदी होती, फक्त डोळे फिरत होते. ते आधी अप्पांच्या खांद्यांकडं पाहात राहिले, मग माझ्याकडं. दोर शेवटपर्यंत कुणाच्या हातात होता हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? ते म्हणाले, "मास्तर म्हणतात ना, मग तसंच."

चाची उठली. तिनं माझ्या हातातला डबा घेतला नाही. ती अप्पांना म्हणाली, "आपण शिकलेली माणसं. आपल्याला मी काय बोलणार? उद्यापासून येऊ नका."

बाहेर आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण ती सुटका इतकी खरी होती की मला भूक लागली. घरी येऊन मी दोन वेळचं जेवले. संध्याकाळी अप्पांनी मला लॉगबुक आणायला सांगितलं. पट्टीतून बाहेर आलेल्या बोटांत कसंबसं पेन धरून त्यांनी माझ्या सहीवर एक रेघ मारली आणि शेजारी स्वतःची सही केली. एकच रेघ. माझं नाव खाली स्पष्ट वाचता येत होतं. त्यांनी खोटं लिहिलं, पण नियमानं लिहिलं. मग परवाना परत करत असल्याचं पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. मी विचारलं, "माझाही?" ते म्हणाले, "तुझं तू बघ." मी पुन्हा कधी कीला हात लावला नाही.

टॉवर उतरवायला कुणी येईना. आळंदी रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांत बातमी पोचली होती. शेवटी हात बरे झाल्यावर एका रविवारी सकाळी अप्पांनी धोतर सोडून पँट घातली, फ्यूज खिशात टाकला, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून त्याही खिशात कोंबल्या, कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. स्टुलावर थरथरणारा माणूस त्या शिडीवर चढायला लागला. प्रत्येक पायरीवर थांबत होते. डोळे मिटलेले होते, हे मला खालूनही दिसत होतं. आई दार लावून आत बसली. कर्णिक कुंपणाशी आले, मग आत येऊन माझ्या मागं दोराला हात लावून उभे राहिले. अप्पांनी एकेक बांबू सोडवला आणि खाली सोडला. वरचा तुकडा मोकळा करून तो आम्ही दोरानं खाली घेतला. अप्पा धापा टाकत उतरले आणि पायऱ्यांशी बसले. कर्णिक पाणी आणायला गेले तेव्हा मी म्हटलं, "अप्पा, मी चाचांना सांगणार आहे."

"काय?"

"आत मी होते म्हणून."

"त्याला माहीत आहे."

"मग चाचीला सांगते."

"तिला कळून त्याची कंबर सरळ होणार आहे?" असं म्हणून त्यांनी चेहरा पुसला आणि उठले. "दोर धर."

त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. टॉवरचं लोखंड कडुनिंबाखाली पडून गंजलं. चाचा वर्षभरानं काठी घेऊन उभे राहिले, पण चढणं संपलं. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून पुतण्याला सूचना देत बसायचे. अप्पा शाळेतून येताना मुद्दाम त्या रस्त्यानं यायचे आणि पलीकडच्या फुटपाथवर जरा रेंगाळायचे. चाचांनी मान वर केली तर अप्पा मान हलवायचे. चाची दुकानात असली तर तेही नाही. इतकीच त्यांची भेट. घरात अप्पा आता कोपऱ्यातल्या खोलीत जात नसत. व्हरांड्यात बसून वर्तमानपत्र वाचायचे, तेच पान पुन्हा पुन्हा. आमटीत गूळ किती घालायचा ते ठरवायला आईकडं काही उरलं नव्हतं. माझा मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे. त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, आजोबांनी तुला कव्हर केलं ना? इट्स ओके. मूव्ह ऑन कर." मी म्हटलं, बरं. त्याच्या वयाला हे इतकं सोपं वाटतं याचा मला हेवा वाटला.

अप्पा गेले त्या दिवशी चाचा रिक्षानं आले होते. फाटकाच्या बाहेरच उभे राहिले, दोन्ही हातांनी काठी धरून. मी त्यांना व्हरांड्यातून पाहिलं. बाहेर जायचं, त्यांचा हात धरून आत आणायचं, एवढंच करायचं होतं. मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. बाहेर आले तेव्हा रिक्षा निघून गेली होती.

मग आणखी एक वर्ष गेलं. चाची त्या वर्षात वारली. तेव्हा माझ्या मनाला धीर आला, आणि हा धीर कसला होता ते मला कळत होतं. मी आळंदी रस्त्यावर गेले. दुकानात आता अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या होतात. चाचा आत पंख्याखाली बसले होते. त्यांनी मला ओळखलं, पुतण्याला चहा सांगितला, मुलं काय करतात विचारलं. कटरचा आवाज थांबल्यावर मी म्हटलं, "चाचा, त्या दिवशी आत मी होते."

त्यांनी पुतण्याला बाहेर जायची खूण केली. मग मला विचारलं, "मास्तर काय म्हणाले होते?"

"आत ते होते, असं."

"मग ते होते."

"पण चाचा, तुम्हाला माहीत आहे की..."

"हे बघ बेटा. माझी बायको जाईपर्यंत मास्तरांना बोल लावत राहिली. रोज. मी एक शब्द बोललो असतो तर गप्प बसली असती. नाही बोललो. त्या माणसानं माझ्यासमोर एकदाच खोटं सांगितलं, आणि ते सांगताना हात मागं लपवले. ते मी सांभाळलं. आता ते माझ्याकडून काढून घेऊन तू काय करणार?"

मी रडायला लागले. त्यांनी थांबवलं नाही, आणि समजूतही घातली नाही. चहा आला. त्यांनी कप माझ्याकडं सरकवला, मी तो हातात घेईपर्यंत वाट पाहिली, आणि मग अगदी हळू, जणू एखादं माप सांगावं तसं म्हणाले, "मास्तर होते तेव्हा आली असतीस, तर आम्ही दोघं एकमेकांशी बोललो असतो."